तीन ठोके खालून, दोन वरून

हे खरं घडलंय. अभिनव शपथ वगैरे घेत नाही, कारण ऐकणारा लगेच हसतो. तो फक्त सांगतो.

साल २००६. भाईंदर ईस्ट, नवघर. एप्रिलमधली भर दुपार. रात्र नव्हती, कारण विमा कंपनीचा सर्व्हेअर रात्री येत नाही.

अभिनव आणि त्याची आई शैला तिसऱ्या मजल्यावर राहायचे. वर, शेवटच्या मजल्यावर मनोरमाबाई एकट्या. त्यांच्या बाथरूमचं पाणी स्लॅबमधून सरकत यायचं आणि बरोबर शैलाच्या पलंगावर टपकायचं.

दोघींनी तोडगा काढला होता. टपकलं की शैला जळमटं काढायच्या लांब झाडूचा दांडा छताला आपटायची. ठक, ठक, ठक. म्हणजे, बाई, नळ बंद करा. वरून वरवंटा वाजायचा. धप्प, धप्प. म्हणजे, केला हो. भांडण नाही, जिने चढणं नाही.

मग मनोरमाबाई गेल्या. हॉस्पिटलात, रीतसर. त्यांच्या भाच्याने, यतीनने, पाण्याची लाईन तोडली, कुलूप घातलं आणि चावी अभिनवकडे ठेवून पुणं गाठलं.

पाणी टपकतच राहिलं...

एकदा प्लास्टरचा भाकरीएवढा तुकडा उशीवर पडला. शैला चहा करायला उठली होती, म्हणून वाचली.

"आई, हॉलमध्ये झोप."

"पंधरा वर्षं इथे झोपतेय. छताला सांग सरकायला."

सोसायटी म्हणाली, तुमचं तुम्ही बघा. यतीन म्हणाला, माझं पाणीच बंद, मग जबाबदारी माझी कशी? उरला बिल्डिंगचा विमा.

सर्व्हेअरने डाग पाहिला, थेंब पाहिला. अभिनव त्याला वर घेऊन गेला.

बाथरूम ठणठणीत कोरडं. नळ फिरवला. नुसती हवा. बादलीत एक पाल वाळून पडलेली.

किचनमध्ये पाटा होता.

वरवंटा नव्हता...

"बंद फ्लॅटमधल्या गळतीचे पैसे कंपनी देत नाही," बाथरूममध्ये परत येत सर्व्हेअर म्हणाला. "कोणी राहत असतं तर वेगळी गोष्ट."

तेवढ्यात खालून...

ठक. ठक. ठक.

"आई आहे," अभिनव म्हणाला. "सवय आहे तिची."

"सांगतायत कुणाला?"

दोघांच्या मधोमध, बाथरूमच्या रिकाम्या लादीवर...

धप्प. धप्प.

कानांच्या आधी तळपायांना कळलं.

खालून शैलाची हाक आली, "अभि, थांबलं बघ!"

सर्व्हेअर लादीकडे बघत राहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे राहतंय कोणीतरी. मग जबाबदारी त्यांची. त्यांची सही आणा."

दारातले बूट त्याने हातातच घेतले. तो परत आला नाही.

शैलाला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "सही कशी करणार ती? चष्मा यतीनने नेला. राहू दे, मी सांगत जाईन तिला."

ती सांगत गेली. खालून तीन, वरून दोन. अभिनव ऑफिसला जात राहिला. माणसाला कशाचीही सवय होते.

२००८च्या दिवाळीत शैला गेली. छत नाही पडलं. हृदय.

त्या दिवसापासून छत कोरडं आहे.

अभिनवने तो झाडू कचऱ्याच्या गाडीत स्वतःच्या हाताने टाकला. घरात तो एकटाच उरला.

पुढच्या उन्हाळ्यात खालच्या मजल्यावरच्या हंसाबेन दारात उभ्या.

"अभिनवभाई, आपके यहाँ से पानी टपकता है. नल चालू छे?"

नळ बंद होता. बाथरूम कोरडं होतं.

"फिर मैं क्या करूँ?"

अभिनवच्या तोंडून कसं निघालं, कुणास ठाऊक. "टपके तो ऊपर तीन बार ठोको."

रविवारी दुपारी तो जेवत होता. खालून...

ठक. ठक. ठक.

त्याने घास हातातच धरला.

त्याच्याच बाथरूममधून उत्तर आलं. दोन ठोके. वरवंट्याचे नव्हते. बारीक, लाकडी...

झाडूच्या दांड्याचे.

खिडकीतून हंसाबेन ओरडल्या, "बंद हो गया! थँक्यू हाँ!"

ते थँक्यू नक्की कुणाला होतं, हे अभिनवला अजून ठरवता आलेलं नाही.

रविवारी तो बाहेर जेवतो.