बाहेरचा आहेर

"गाव?" पावतीपुस्तकातून मान वर न करता मी विचारलं.

"जेल रोड."

जेल रोड म्हणजे नाशिकमधलाच भाग; तिथेच मला संशय आला. नाशिक रोडच्या त्या हॉलमध्ये जमलेले सगळे मूळचे सटाण्याकडचे. माझी आई, यशोदाबाई, तिकडे पंचायत समितीला अपक्ष उभी होती आणि मी तिच्यासाठी मदत गोळा करत होते.

"तुमचं मत तिकडे नाही. मग पाच हजार कशाला?"

"त्यांची मुलाखत पाहिली. पटल्या." तो हसला. गालावर खळी पडली… ती मला मुळीच आवडली नाही. "चांगल्या माणसाला मदत करायला मतदारयादीत नाव लागतं?"

"आणि त्या निवडून आल्यावर ऐकायचं कोणाचं? मतदारांचं, की तुमचं?"

तो पैसे ठेवून गेला. पावतीवर लिहिलं होतं: नवनाथ, पाइपांचं दुकान. पंचायत समिती आणि पाइप… नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं.

आईने फोनवर अहिराणीत एका वाक्यात निकाल दिला. "परका माणूसना आहेर शे हाऊ, फेडना पडी."

दुसऱ्या दिवशी मी पाच हजारांचं पाकीट त्याच्या काउंटरवर परत ठेवलं.

"एवढा अविश्वास?"

"पाइपवाले फुकट हसत नाहीत."

"काल आईंसाठीच आलो होतो," तो हळूच म्हणाला. "पण आज तुम्ही आलात, त्याचा आनंद… तो त्यांच्यामुळे नाही."

मग रोज संध्याकाळी त्याचा फोन येऊ लागला. आधी प्रचाराची चौकशी, मग माझ्या जेवणाची. मी वाट पाहायचे आणि स्वतःला बजावायचे, निकालापर्यंतच हं हे सगळं.

आई त्रेपन्न मतांनी पडली. त्या दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कळलंच होतं, असं म्हणत मी खूप रडले.

तिसऱ्या दिवशी तो सटाण्याला आमच्या दारात उभा.

"आते मना हातमा काहीच नई," आई कोरडेपणाने म्हणाली. "काय काम शे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. घसा खाकरला.

"चैतालीकडे… काम शे."

एवढं एकच अहिराणी वाक्य तो दोन दिवस घोकत होता, हे मला नंतर कळलं. तो आवडतो, हे तर कधीचंच माहीत होतं. विश्वास मात्र तेव्हा बसला.

आईने त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"आहेर?"

"नाही आणला."

"मंग बठ," आई म्हणाली, आणि स्वतःच चहा ठेवायला आत गेली.