पोचल्याची वर्दी

सकाळी अकराच्या बातम्या संपल्या की सुखवंत कौर शोकसंदेश वाचायची. कॅनडातल्या सरेमधलं हे पंजाबी रेडिओ स्टेशन म्हणजे किराणा दुकानाच्या माडीवरच्या तीन खोल्या. पण अकरा वाजले की घराघरांतल्या स्वयंपाकघरांत, ट्रकांत आणि ब्लूबेरीच्या शेडमध्ये लोक गप्प व्हायचे. गेलेल्याचं नाव, पंजाबातलं गाव, मागे कोण कोण, अंत्यसंस्कार कधी. रेडिओवर नाव आलं नाही तर माणूस गेला असं कुणी धरतच नसे.

"इथं कोण गेलं ते आधी तुम्हाला कळतं भैणजी, मग धर्मराजाला," असं ध्वनियंत्र सांभाळणारा बिक्कर सिंग म्हणायचा.

स्वतःच्या नवऱ्याचं नाव मात्र तिने कधीच वाचलं नव्हतं. मलकीत लाकडाच्या मिलमध्ये होता. तीन वर्षांपूर्वी फ्रेझर नदीतल्या तरंगत्या ओंडक्यांवरून त्याचा पाय घसरला आणि देह काही मिळाला नाही. सासू मागे लागायची, "सूनबाई, आता तरी घे त्याचं नाव."

"देह दाखवा, मग घेते," सुखवंत म्हणायची. बाई हट्टाची पक्की. नाव घेणं म्हणजे त्याला आपल्या हाताने बुडवणं, असं तिला वाटे.

जानेवारीत एके दिवशी संदेश संपले आणि फोनचा दिवा लागला. म्हातारीचा आवाज, जुन्या वळणाचा.

"पोचला गं पुत्तर, तुमचा गुरमेल. चहा दिलाय. मीठ घालून पितोय."

गुरमेल सिंगचं नाव सुखवंतने पाचच मिनिटांपूर्वी वाचलं होतं. कुणीतरी थट्टा करतंय असं समजून ती चिडली. मग काय वाटलं कोण जाणे, तिने गुरमेलच्या मुलीला फोन लावला. मुलगी रडायला लागली. बापाची ती मिठाची खोड घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. तिसऱ्या दिवशीही. ज्याचं नाव वाचावं, त्याच्या पोचल्याची वर्दी.

"कुठून येतोय रे हा फोन?"

"नंबरच उमटत नाही," बिक्कर म्हणाला. "आणि दिवसाउजेडी आपल्या रेडिओलहरी डोंगरापलीकडे जात नाहीत. तुमची म्हातारी ऐकते कुठे, ते तिलाच विचारा."

सुखवंतने विचारलं.

"दाराशी बसते मी," म्हातारी म्हणाली. "तू नाव घेतलंस की आत घेते."

सुखवंतला भीती वाटली नाही. आजवर वाचलेली शेकडो नावं, आणि प्रत्येकासाठी कुणीतरी दाराशी बसलेलं, चुलीवर चहा ठेवलेला. तिचा ऊर भरून आला. आपण कसलं काम करतोय हे तिला पंधरा वर्षांत पहिल्यांदा कळलं.

त्याबरोबरच दुसरा विचार आला. मलकीत तिथे पोचला नसेल, तर तो जिवंत आहे.

चार दिवस तिने धीर गोळा केला. पाचव्या दिवशी म्हातारीची वर्दी संपताच तिने विचारलं, "बेबे, मलकीत सिंग आत आलाय का? सरेचाच. नदीत गेला म्हणतात."



"आत? नाही गं. आत नाही आला."

सुखवंत हसली. इतकी मोकळी हसली की बिक्करने मान वर करून पाहिलं.

"बाहेर बसलाय," म्हातारी म्हणाली.

सुखवंतचं हसू तोंडावरच राहिलं.

"तीन वर्षं झाली. कपडे ओलेच आहेत. नावच आलं नाही, तर मी कशी घेऊ आत? रोज अकराला उठून उभा राहतो बिचारा. ऐकतो, आणि परत बसतो."

फोन बंद झाला.

"बिक्कर, गाणं थांबव."

"भैणजी, जाहिराती आहेत पुढे."

"थांबव म्हणते ना."

तिच्यापुढे कागद नव्हता. मलकीत सिंग, वय एकेचाळीस. गाव रुडकी खुर्द. मागे आई. मागे पत्नी सुखवंत कौर. तिथे आवाज फाटला, पण तिने पुरं केलं.

फोनचा दिवा लागला.

तिने फोन कानाला लावला.

आधी एका बुटातलं पाणी ओतल्याचा आवाज आला. मग दुसऱ्यातलं.