तळ्याच्या पोटातली अंबाडी

"तराफा माह्या डोक्यात तयार हाय! पांगाऱ्याचे चार ओंडके, वर तुराट्या, आन् मी कप्तान!" जगदेव छाती फुगवून म्हणाला.

"डोक्यातला तराफा डोक्यातच बुडते बाप्पा!" विजयमाला हसली.

दिवाळीच्या सुट्टीत ही चुलत भावंडं कामरगावच्या शाळेतून गावी आली होती. विजयमाला बारा वर्षांची, जगदेव अकराचा. सुट्टी म्हणजे तळं, आणि तळ्यावर वाट पाहणारी तांड्यावरची हिरी, हे ठरलेलंच! पण पाळीवर, तळ्याच्या बांधावर, पोचताच दोघांनी नाकं दाबली. पाणी काळंकुट्ट झालं होतं, काठाला मेलेले मासे पडले होते. हिरी होती, पण ती हसली नाही.

"गावानं आमाले विहीर बंद केली," ती म्हणाली. "म्हनते, तांड्यानंच तळं नासवलं. आमी काहीच नाई टाकलं वं, विजे! सोमला चार दिवसांपासून हगवणीनं पडला हाय. त्याले हेच पानी पाजा लागते."

सोमला हा हिरीचा तीन वर्षांचा भाऊ. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो विजयमालाच्या कडेवरून खाली उतरायला तयार नसायचा.  विजयमाला धावत घरी गेली आणि घागर भरून निघाली. पण वेशीतच तिचे वडील रामराव आडवे आले.

"कोठी चालली?"

"तांड्यावर. सोमलाले पानी नेतो, बाबा."

रामरावांनी घागर हिसकून जमिनीवर पालथी केली. "पंचाईनं ठरवलं हाय. तळं कोनं नासवलं ते समजेपर्यंत तांड्याले थेंब भेटनार नाई!"

विजयमाला डोळे पुसत तळ्यावर परत आली. "जगदेव, कोनं नासवलं ते आपनच शोधू! आजच्या आज!"

जगदेवला एवढंच हवं होतं. त्याने लांब बांबू घेतला, कमरेइतक्या पाण्यात उतरला आणि तळ ढोसत निघाला. तीन वेळा घसरला, दोनदा शिंकला, एकदा घाण पाणी नाकात गेलं. मग बांबू कशात तरी रुतला.

"अबे! खाली गोटे हायेत, आन् गोट्याखाली काहीतरी लिबलिबीत!"

तिघांनी जोर लावून ओढलं. अंबाडीची कुजलेली मोळी वर आली! मागोमाग दुसरी, तिसरी, सातवी!

दोर वळायला अंबाडी आधी पाण्यात सडवावी लागते, तेव्हा कुठे साल सुटते. पण सडल्यावर ती पाण्याचं विष करते. म्हणून गावाचा जुना नेम होता, अंबाडी पाळीखालच्या खड्ड्यातच भिजवायची, तळ्यात नाही. यंदा पाऊस ओढ देऊन गेला आणि खड्डा कोरडा राहिला. त्यात दूर कुठे लढाई पेटलेली, तिच्यासाठी दोराला मोठी मागणी! खड्ड्यात सगळ्या गावाच्या मोळ्या एकत्र पडत, म्हणून प्रत्येक घराची बांधायची गाठ निराळी असे.

"पाह्य ना," हिरी म्हणाली, "हरेक मोळीची गाठ येगळी हाय!"

आठवी मोळी वर आली आणि विजयमालाचे हात थांबले. तीन पीळ देऊन टोक आत खोचलेलं. ही गाठ तिला बाबांनीच मांडीजवळ बसवून शिकवली होती.

"विजे, हे तर काकाची..." जगदेव पुटपुटला.

"ठाऊक हाय."

ती खाली बसली आणि रडू लागली. हिरीने ती मोळी उचलून बाकीच्या मोळ्यांजवळ ठेवली. ती भांडली असती तर विजयमालाला बरं वाटलं असतं.

"चाल, पाटलाले दाखवू!" जगदेव म्हणाला.

"नको. म्हनतील, तांड्यानं चोरून टाकल्या. त्याईच्याच तोंडून निंघाले पाह्यजे." विजयमालाने नाक पुसलं. "जगदेव, कोतवालाचं डफडं आन!"

नानाजी कोतवाल दुपारचा घोरत होता. जगदेवने उशाचं डफडं अलगद उचललं आणि ते बडवत गल्लोगल्ली आरोळी दिली, "ऐका हो ऐका! तळ्यात बेवारशी अंबाडी सापडली! ज्याची असंल त्यानं गाठ ओळखून न्यावी! नाई तं सांजेले तांड्याले वाटून देऊ!"

तांड्याला? फुकट? सारा गाव पाळीवर लोटला!

"हे माही!"

"दूर हो! गाठ पाह्य, माही हाय!"

"माह्या पाच होत्या, पाच!" तुळसाबाई ओरडली. खुद्द पुंजाजी पाटील दोन्ही काखांत मोळ्या धरून उभे होते. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते असं! जो तो 'एवढ्या मोठ्या तळ्याला माझ्या चार मोळ्यांनी काय होतंय' म्हणून गुपचूप भिजवून गेला होता.

एकच मोळी उरली. रामराव मागे मान खाली घालून उभे होते. विजयमालाने ती उचलली आणि त्यांच्यापुढे नेली.

"बाबा, हे आपली." मग ती गर्दीकडे वळली. "सगळ्याईनं ओळखल्या नं? मंग सांगा, तळं कोनं नासवलं?"

 पाटलांच्या काखेतल्या मोळ्या खाली पडल्या. गर्दीच्या कडेला तांड्याचे नायक गुलाबसिंग उभे होते. पाटलांनी त्यांना हात जोडले.

"नायक, चूक आमची. विहीर आत्ताच मोकळी! तळ्यात उरलेल्या मोळ्या आजच बाहेर काढा रे!" मग ते मुलांकडे वळले. "शाबास पोट्टेहो! आमी म्हातारे चुकलो, तुमी गावाचे डोये उघडले!"

पाठीवर शाबासकीची थाप पडली तरी विजयमाला थांबली नाही. ती विहिरीकडे धावली. या वेळी रामरावांनी स्वतः पाणी शेंदलं, घागर खांद्यावर घेतली आणि लेकीमागे झपाझप तांड्याची वाट धरली.

हिरीची आई कमलीबाई झोपडीच्या दारात बसली होती. मांडीवर सोमला होता.

"झोपला काय वं, काकी?" विजयमालाने हळूच विचारलं.

"गेला, माय. तुमचं डफडं वाजून राह्यलं होतं, तवाच गेला."

हिरी आईच्या गळ्यात पडून हंबरडा फोडून रडू लागली. रामरावांना घागर खाली ठेवायचंही भान राहिलं नाही. कमलीबाईने वर पाहिलं.

"आना ते पानी," ती म्हणाली. "चांगलं हाय. त्याले आंघोय घालतो."

रामरावांनी पाणी ओतलं, आणि विजयमालाने सोमलाचे इवलेसे पाय धुतले.