ओल्या मातीतली तहान

माती ओली, मुळं धडधाकट, ऊन बेताचं, आणि तरीही मिरच्यांनी माना टाकलेल्या. असं का व्हावं, सांगा बघू. घाई करू नका. सोलापुरात पाण्याच्या जुन्या टाकीमागे जी सार्वजनिक बाग आहे, तिथल्या शहाण्यासुरत्या माणसांनाही आठवडाभर हे कोडं सुटलं नव्हतं. उत्तर फक्त एका मुलीजवळ होतं, आणि ते आपल्याजवळ आहे हे तिलाच ठाऊक नव्हतं. तिचं नाव मंजिरी, वय अकरा.

गोष्ट आहे अजून पन्नासेक वर्षांनंतरची. बाग सगळ्यांची होती, म्हणजे खरं तर कुणाचीच नव्हती, म्हणून आसपासच्या चाळीस घरांनी मिळून ‘मूठभर मंडळ’ काढलं होतं. दर रविवारी सकाळी सातला जमायचं, दोन तास खुरपणी, छाटणी, झाडलोट करायची आणि मग घरी जाऊन पोहे खायचे. मंडळाची एक रीत होती. कामाला हात लावण्याआधी प्रत्येकाने घरच्या ओल्या कचऱ्याचं खत मूठभर आणून फाटकाजवळच्या पिंपात टाकायचं. पिंपात पाणी ओतून ढवळलं की खतपाणी तयार, तेच वाफ्यांना मिळायचं. कुणी मुठीऐवजी बादलीभर खत आणलं तर त्याचं नाव फळ्यावर लिहायचं, हे मात्र पोरांनी मागाहून घुसडलेलं.

बाकीचे सहा दिवस बाग सांभाळायचे माळीबुवा. माळीबुवा म्हणजे यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र). कमरेइतके उंच, खाली तीन चाकं, एक लांब हात, आणि त्या हाताला मातीत खुपसायची सुई. ती सुई म्हणजे संवेदक (आजूबाजूचा बदल ओळखून कळवणारा भाग). माती किती ओली आहे ते तिला कळायचं, आणि माती कोरडी पडली की माळीबुवा पाणी द्यायचे. कुठलं झाड कुणी लावलं, कधी लावलं, कुणाच्या शेळीने खाल्लं, हे सगळं नऊ वर्षांचं त्यांच्या ध्यानात होतं. त्यांना खोटं बोलता येत नसे, आणि गोड बोलणंही जमत नसे.

आता मंजिरीने काय केलं ते ऐका. घरातला खताचा डबा सांभाळायचं काम तिचं. तिने कितीतरी दिवस डब्यात नवं काही घातलंच नव्हतं. एका शनिवारी उघडला, तर खत संपलेलं, आत वाळकी सालं आणि दोन मुंग्या. ‘या वेळी नाही झालं खत,’ एवढं म्हटलं असतं तर काय आकाश कोसळणार होतं? पण या पोरीने आधीच्याच रविवारी सगळ्यांसमोर बढाई मारली होती, की पुढच्या वेळी मी बादली भरून आणते की नाही बघा. आता नाही म्हणायचं कसं? त्याच दिवशी आईने खारवलेल्या कैऱ्यांच्या दोन मोठ्या बरण्या बुरशी आली म्हणून काढून ठेवल्या होत्या आणि कचऱ्याच्या गाडीत द्यायला सांगितल्या होत्या. मंजिरीने दोन्ही बरण्या, कैऱ्या आणि मिठाच्या पाण्यासकट, बादलीत रिकाम्या केल्या. त्यात कुंडीतली माती आणि नारळाचा काथ्या कालवला. कैरी झाडाचीच, ती परत झाडाला गेली तर बिघडलं कुठे, असं तिने स्वतःला समजावलं. मिश्रण काळंभोर, ओलसर, अगदी खतासारखं दिसायला लागलं.

रविवारी मंडळाच्या कुंदाताईंनी ती बादली सगळ्यांना दाखवली, मंजिरीच्या पाठीवर हात फिरवला आणि फळ्यावर स्वतःच्या हाताने तिचं नाव लिहिलं. मंजिरीला बरं वाटलं आणि कसंनुसंही वाटलं. खतपाणी झालं, मिरचीच्या वाफ्याला घातलं, आणि सगळे पोहे खायला गेले.

मंगळवारी मिरच्या मलूल झाल्या आणि गुरुवारपर्यंत चाळीसच्या चाळीस रोपं आडवी. लोक जमले. कुणी म्हणालं, पाणी कमी पडलं. माळीबुवांनी सुई खुपसून सांगितलं, माती ओली आहे, पाण्याची गरज नाही. कुंदाताईंनी बोट घालून पाहिलं, तर खरंच ओली. मग लोकांनी उलटा सूर लावला: माती इतकी ओली आणि झाडं मरायला टेकलेली, म्हणजे या म्हाताऱ्या यंत्रानेच जास्त पाणी पाजून मुळं कुजवली. माळीबुवा म्हणाले, आठवड्यात दोनदाच पाणी दिलं. पण एकदा यंत्र बिघडलंय असं ठरल्यावर त्याच्या नोंदीला कोण विचारतो? रविवारी नऊ वाजता दुरुस्तीवाली बाई येणार आणि माळीबुवांना कोरं करणार (म्हणजे त्यांची सगळी आठवण पुसून नव्याने सुरू करणार), असं ठरून गेलं.

एकट्या मुजावर आजोबांना हे पटलं नव्हतं. मुजावर आजोबा निवृत्त मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारे). त्यांनी एक रोप हळूच उपटून मुलांना मुळं दाखवली. कुजलेलं मूळ तपकिरी आणि बुळबुळीत असतं, आणि ही मुळं तर पांढरी, टणक होती. म्हणजे पाणी दाराशी उभं आहे, दार शाबूत आहे, तरी पाणी आत येत नाही. का येत नाही? आजोबांनाही सांगता येईना. सोमवारी माती तपासायला पाठवतो, आठ दिवसांत कळेल, असं ते म्हणाले. तोवर माळीबुवा कोरे झाले असते.

शनिवारी दुपारी मंजिरी बाबांच्या हाताखाली काकडी चोचवत होती. तिने कोशिंबिरीत आधीच मीठ घातलं म्हणून बाबा कुरकुरले. दही आणेपर्यंत वाडग्याच्या तळाशी पाणी साठलं होतं आणि काकडी लिबलिबीत झाली होती. मंजिरी त्या पाण्याकडे बघत राहिली. कैऱ्या खारवतानाही असंच पाणी सुटलेलं तिला आठवलं. बरण्या आठवल्या, बादली आठवली.

ती तडक मुजावर आजोबांकडे गेली आणि उगाच आपलं विचारल्यासारखं विचारलं, की मिठाने काकडीला पाणी का सुटतं. आजोबा खुलले. त्यांनी बटाट्याच्या दोन चपट्या फोडी केल्या, एक साध्या पाण्यात टाकली, एक मिठाच्या पाण्यात, आणि अर्धा तास गप्पा मारल्या. मग दोन्ही बाहेर काढल्या. साध्या पाण्यातली फोड ताठ, वाकवली तर कटकन मोडली. मिठाच्या पाण्यातली चिंधीसारखी लोंबत होती.

आजोबांनी सांगितलं ते असं. बटाटा काय, काकडी काय, मूळ काय, सगळं पेशींचं (सजीवांच्या शरीरातल्या अगदी बारीक खोल्यांचं) बनलेलं. प्रत्येक पेशीला पातळ पडदा असतो, त्याला अर्धपार्य पटल म्हणतात (पाण्याला सहज जाऊ देणारा, पण मिठाला अडवणारा पडदा). पाणी त्यातून दोन्हीकडे ये-जा करतं, पण ज्या बाजूला विरघळलेले क्षार जास्त, त्या बाजूला अधिक जातं. या जाण्याला परासरण म्हणतात. एरवी मुळाच्या आत क्षार जास्त आणि मातीत कमी, म्हणून मातीतलं पाणी आपसूक मुळात शिरतं. पण मातीत मीठ वाढलं तर? मग पाणी आत शिरेनासं होतं, उलट आतलंच बाहेर येऊ लागतं. चहूकडे पाणी आणि रोप तहानेने मरतं.

“पण आपल्या बागेला तर तलावाचं गोडं पाणी,” आजोबा डोकं खाजवत म्हणाले. “मीठ येणार कुठून?”

मंजिरीच्या जिभेवर उत्तर होतं. ते तिने गिळलं, आणि मिठाच्या पाण्यातली फोड मुठीत घट्ट धरून तिथून निघाली.

बागेत माळीबुवा एकटेच होते. मलूल वाफ्याशेजारी उभं राहून मंजिरीने त्यांना सगळं सांगून टाकलं. माणसाला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून यंत्राला सांगितलं. मग घाईघाईने म्हणाली, “माळीबुवा, हे कुणाला सांगू नका.”

“कुणी विचारलं नाही तर सांगणार नाही,” माळीबुवा म्हणाले. “विचारलं तर खरं सांगेन. पण उद्या नऊनंतर मला हे आठवणार नाही. तू काळजी करू नकोस.”

त्यांनी हे तिला बरं वाटावं म्हणून सांगितलं होतं. तसं त्यांनी रागावून सांगितलं असतं तर परवडलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ही मूठ झाकलेली राहायला माळीबुवांची नऊ वर्षं पुसावी लागणार होती. मंजिरी चार वर्षांची असताना तिने लावलेला आणि दुसऱ्याच दिवशी मुळं आली का बघायला उपटलेला झेंडूही त्यांच्या ध्यानात होता. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की घरी जाऊन तिने ती कोशिंबीर खाल्ली नाही आणि कुणाशी बोललीही नाही.

रविवारी नऊला दुरुस्तीवाली पेटी घेऊन आली. तिने माळीबुवांच्या पाठीवरचं झाकण उघडलं. मंडळ गोल करून उभं होतं, आणि मंजिरीच्या बरोबर समोर तो फळा होता. अजून कुणी नाव पुसलं नव्हतं.

“थांबा,” मंजिरी म्हणाली. “ते नाही बिघडले. मिरच्या मी मारल्या. माझ्या बादलीत खत नव्हतं. खारवलेल्या कैऱ्या होत्या, मिठाच्या पाण्यासकट.”

कुणी ओरडलं असतं तरी चाललं असतं, पण तीस-चाळीस ओळखीचे चेहरे नुसते बघत राहिले आणि मंजिरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती जमिनीकडे बघत काकडीचं, बटाट्याचं, पडद्याचं, सगळं सांगत गेली. मुजावर आजोबा मधेच पुढे झाले. पिंपाच्या काठावर सुकलेला पांढुरका थर त्यांनी नखाने खरवडला, जिभेला लावला आणि थू थू करत खारट आहे म्हणून सांगितलं. तुम्ही असलं काही करू नका हं. ते शास्त्रज्ञ आहेत, आणि हट्टीही आहेत.

कुंदाताई माळीबुवांकडे वळल्या. तुम्हाला हे माहीत होतं का, असं त्यांनी विचारलं.

“काल दुपारपासून,” माळीबुवा म्हणाले.

“मग बोलला का नाहीत?”

“कुणी विचारलं नाही. माझ्या सुईला पाणी कळतं, मीठ कळत नाही. मी माती ओली आहे म्हणालो होतो. ती ओली होती.”

आता खाली बघायची पाळी मंडळाची होती. पिंपात काय काय पडलं, हे एकानेही विचारलं नव्हतं. कुंदाताईंनी दुरुस्तीवालीला झाकण लावायला सांगितलं. मंजिरीने जाऊन फळ्यावरचं आपलं नाव तळहाताने पुसलं, आणि तिला कुणी अडवलं नाही.

उपाय आजोबांनी सांगितला. कैरी कुजून माती होते, मीठ मात्र कुजत नाही. ते पाण्यात विरघळवून धुऊनच काढावं लागतं. पण सोलापूरची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून आधी वाफ्याच्या कडेने चर खणायचा, पाण्याचा निचरा (साचलेलं पाणी वाहून जाणं) होऊ द्यायचा, आणि मग भरपूर गोडं पाणी सोडायचं. चर खणायला मंजिरी सगळ्यांत पुढे होती. ज्या माळीबुवांवर जास्त पाणी दिल्याचा आळ होता, त्यांनाच दिवसभर पाणी द्यायला सांगितलं गेलं. त्यांनी ते निमूट दिलं.

आठवड्याने सत्तावीस मिरच्यांनी माना वर केल्या. तेरा गेल्या. त्या तेरा मंजिरीने एकटीने उपटल्या, आणि प्रत्येक उपटताना तिला पुन्हा पहिल्याइतकीच लाज वाटली. दुरुस्तीवालीने माळीबुवांना मीठ ओळखणारी दुसरी सुई बसवून दिली. समुद्राकाठी खाऱ्या चिखलात खारफुटीची झाडं मजेत वाढतात, असं आजोबांनी सांगितलं तेव्हा मंजिरीने लगेच विचारलं, की मग त्यांच्या मुळांना हे कसं जमतं, आणि ती युक्ती मिरचीला शिकवता येईल का. खाऱ्या झालेल्या जमिनी जगात पुष्कळ आहेत, आजोबा म्हणाले, तू शोधून काढ, मी वाट बघतो.

पण त्याआधी रविवार होता. सात वाजता मंडळ पिंपापाशी रांगेत उभं राहिलं. घरच्या डब्यात मंजिरीने नव्याने सालं घातली होती, पण खत व्हायला दोन महिने लागतात, त्याला काही इलाज नसतो. तिची पाळी आली. कान तापले. तिने हात पुढे केला आणि उघडला.

“माझी मूठ रिकामी आहे,” ती म्हणाली.

“बरं,” कुंदाताई म्हणाल्या. “मग तो झाडाखालचा पाचोळा मूठभर उचल आणि टाक. माझीही मागच्या महिन्यात दोनदा रिकामी होती.”

एवढंच होतं तर. मंजिरी तिथेच उभी राहिली. तेरा मिरच्या, नऊ वर्षं, आणि सगळं ‘माझी मूठ रिकामी आहे’ या एका वाक्यावर थांबलं असतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने वाकून पाचोळा उचलला आणि पिंपात टाकला.

माळीबुवांनी पिंपात नवी सुई बुडवली. “मंजिरी, पाचोळा, एक मूठ,” त्यांनी नोंद केली. “मीठ नाही.”