कंपनीचा हयातीचा दाखला

"या पृथ्वीवर एक असा प्राणी आहे, ज्याला जन्म आहे पण मरणाचं बंधन नाही. हात नाहीत, तरी तो जमिनी घेतो. तोंड नाही, तरी कोर्टात भांडतो. मोठमोठ्या सम्राटांना जे अमरत्व लाभलं नाही, ते..."

"त्यालाच भेटायचंय," दारातून आवाज आला. "हयातीचा दाखला द्यायचा आहे. पाचच्या आत समक्ष हजर करा, नाहीतर मयत दाखवावं लागेल."

सन २०७१. वेंगुर्ल्याजवळच्या गावातली कोकम वाळवायची शेड. स्टुलावर उभे राहून भाषण देत होते निवृत्त समुद्रशास्त्रज्ञ (समुद्राचा अभ्यास करणारे) बाळकृष्ण आजोबा. समोर नात केतकी, मागे कोकमं पसरणारी तिची आई. आणि दारात नोंदणी कार्यालयाचा यंत्रमानव, हातात फॉर्म घेऊन.

सातेरी कोकम कंपनी गावातल्या अकरा बायकांची. ती सुरू करणाऱ्या इंदूकाकी गेल्या महिन्यात वारल्या. काकी गेल्या, तेव्हा कंपनीही गेली असावी, असा कार्यालयाचा समज झाला. दाखला मिळाला नाही तर नाव रद्द, शेडला कुलूप आणि केतकीची आई घरी.

केतकीने पाटी दाखवली.

"ही पाटी आहे," यंत्रमानव म्हणाला.

तिने शेड दाखवली. "हे छप्पर आहे." शेवटी तिने आईलाच पुढे ढकललं.

"या मालिनी तुळसकर. यांचा दाखला यांच्या नावाने मिळेल. कंपनी कुठे आहे?"

"आजोबा, आहे तरी कुठे ती?" केतकी रडकुंडीला आली.

आजोबा स्टुलावरून उतरले. गुडघ्यांमुळे त्यांना जरा वेळ लागला. त्यांनी तिला दाराशी नेलं. समोर समुद्र होता.

"तो लांब पाण्यावर तरंगणारा नारळ बघ. लाट आली, तो पुढे गेला?"

"नाही. तिथल्या तिथे वरखाली झाला."

"म्हणजे पाणी जवळजवळ जागेवरच राहतं, पुढे जाते ती लाट. कंपनी तशीच. माणसं बदलतात, ती चालू राहते. कायदा तिला माणसासारखंच धरतो. युक्ती जुनीच आहे. दोन हजार वर्षांपूर्वी नाशिकच्या लेण्यात कोरून ठेवलंय, की भिक्षूंच्या वस्त्रांसाठीचं दान कोष्ट्यांच्या श्रेणीकडे (एका धंद्यातल्या लोकांच्या संघाकडे) कायमचं ठेवलं. एका कोष्ट्याकडे का नाही ठेवलं?"

"तो म्हातारा होईल. तुमच्यासारखा."

"उदाहरणाची गरज नव्हती. पुढे युरोपात व्यापाऱ्यांनी जहाजांचे वाटे पाडले. नंतर कायदाही झाला, की धंदा बुडाला तर फक्त आपला वाटा बुडेल, घरची भांडीकुंडी शाबूत. याला म्हणतात मर्यादित जबाबदारी (नुकसान वाट्यापुरतंच)."

"मग चांगलीच की कंपनी."

"थांब. अशीच एक व्यापाराला आली आणि आपल्यावर राज्य करून बसली. कंपनीला स्वतःची लाज नसते गं. ती आतल्या माणसांनी पुरवायची आणि बाहेरून कायद्याने डोळे वटारायचे."

केतकी लाटेकडे बघत राहिली. पाणी हललं तर लाट दिसते. मग कंपनीसुद्धा, माणसं हलली तर...

"आई, मीटिंग घ्या. आत्ता. याच्यासमोर."

उरलेल्या दहाजणी जमल्या. सुगंधाकाकींना अध्यक्ष केलं. मग विषय निघाला, पिंपं धुतल्याचं लाल पाणी ओढ्यात जातं त्याचा. ओढ्यावर अख्खं गाव कपडे धुतं. मालिनी म्हणाली, शोषखड्डा (पाणी जमिनीत जिरवणारा खड्डा) खणू.

"आणि खड्डो खणतलो कोण? माझी कंबर?" सुगंधाकाकी म्हणाल्या.

सहा हात बाजूने, चार विरोधात. ठराव मंजूर. सुगंधाकाकींनी नाक मुरडलं, सही केली आणि कोपऱ्यातलं फावडं उचललं.

यंत्रमानवाचा दिवा लुकलुकला. "आपण विरोधात होतात. मग फावडं का?"

"कंपनीन ठरवल्यान मगे."

"पण तुम्हाला नको होतं."

"माका नकोच आसा. कंपनीक व्हया."

सुगंधाकाकींनी बाहेर जाऊन फावडं जमिनीत घातलं. पाचला चार मिनिटं कमी असताना यंत्रमानवाने फॉर्मवर लिहिलं: 'हयात. आत्ताच खड्डा खणताना पाहिली.'

केतकीने आजोबांचा हात धरला. आपण मोठ्या होऊ, या सगळ्याजणी म्हाताऱ्या होतील, आणि तरी ही लाट पुढे जात असेल. तोवर हिला लाज पुरवायचं काम आपलं.

"अभिनंदन," यंत्रमानव म्हणाला. "आता तिला फक्त पांढऱ्या भिंतीसमोर उभं करा. पासपोर्ट आकाराचा फोटो लागेल. दोन्ही कान दिसायला हवेत."