डाव्या कोपऱ्यातला निरोप

कामात बुडालेल्या माणसाला काहीतरी सांगायचं, पण त्याची तंद्री मोडायची नाही. बस, एवढंच तिचं काम. आपण संगणकावर टाइप करत बसलेलो असतो आणि खालच्या कोपऱ्यात एक छोटासा चौकोन हळूच वर येतो, ‘फाइल जतन झाली’ असं सांगतो आणि विरून जातो. तो चौकोन ती बनवायची. आता तुम्ही म्हणाल, यात कसलं आलंय डोंबलाचं डिझाइन! पण करून बघा एकदा. रंग जरा भडक झाला की माणूस दचकतो, जरा फिका झाला की दिसतच नाही. चौकोनानं कधी यावं, किती वेळ थांबावं, कसं निघून जावं, यावर तिनं महिनोन्‌महिने घातले होते.

हे सगळं ती शिकली होती बाबांकडून. ती घरी काम करत बसली की बाबा दाराशी येऊन हलकंसं खाकरायचे. तिनं मान वळवली नाही, तर चहाचा कप टेबलाच्या कडेला ठेवून निघून जायचे. वळवलीच, तर म्हणायचे, “काही नाही, तू कर काम.” ऑफिसात ती हसत सांगायची, “माझ्या बाबांनाच कोपऱ्यात बसवलंय मी.”

हल्ली मात्र तिला त्याचं हसू यायचं नाही. बाबांचं ब्लडप्रेशर फार वाढलं होतं. जरा काही वाटलं तर लगेच घेऊन या, उशीर झाला तर हाती काही लागणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि हा माणूस जीव गेला तरी कुणाला हाक मारणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक. घरात दोघंच. त्या दिवशीही निघताना ती म्हणाली होती, “बाबा, काही झालं तर फोन करा हं.” “हो गं चिमणे, करतो,” असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं होतं. तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

ऑफिसात त्या दिवशी चौकोनाची चाचणी होती. बाहेरच्या माणसांना बोलवायचं, संगणकासमोर बसवायचं आणि काहीतरी टाइप करायला द्यायचं. पडद्याखालचा कॅमेरा त्यांची नजर टिपतो. शेजारच्या खोलीत तिच्यासमोर तोच पडदा दिसतो, आणि नजर जाईल तिथे एक लाल ठिपका फिरतो. तिच्याजवळ प्रोग्रॅमर बसला होता. रात्र रात्र जागायचा म्हणून सगळे त्याला घुबड म्हणायचे, आणि तोही खुशाल ओ द्यायचा.

पहिले आले एक निवृत्त मास्तर. ठिपका ओळीवरून निवांत सरकत होता. खाली उजवीकडे चौकोन आला, ठिपका तिकडे जाऊन परत ओळीवर आला. अगदी हवं तसं. ती खूश होऊन घुबडाकडे बघणार, तोच ठिपका वर डाव्या कोपऱ्यात गेला. तिथे काही म्हणजे काहीच नव्हतं. नुसता राखाडी पडदा. पण ठिपका तिथे थांबला, वाचताना सरकतो तसा सरकला. मग माउसचा बाण सावकाश तिथे गेला आणि रिकाम्या जागेवर क्लिक झालं.

“मास्तर, वर काय दिसलं तुम्हाला?” तिनं जाऊन विचारलं.

“दुसरा चौकोन. मी मिटवला तो. दुसऱ्याचा निरोप वाचू नये माणसानं.”

“दुसऱ्याचा कशावरून?”

“अहो, ‘चिमणे’ म्हणून सुरुवात होती. आता या वयात मला कोण चिमणी म्हणणार?” मास्तर आपल्याच विनोदावर खो खो हसले.

ती तशीच खोलीत परतली. “घुबडा, चेष्टा करायचीही एक वेळ असते!”

“आईशप्पथ, मी नाही गं काही केलं!” त्यानं सगळा प्रोग्रॅम तिच्यासमोर उघडून दाखवला. दुसरा चौकोन कुठेच नव्हता. शिवाय ‘चिमणे’ हे बाबांशिवाय कुणाला माहीत असणार होतं?

तिनं घरी फोन लावला. एरवी फोन उचलणं म्हणजे बाबांची कोण तारांबळ! चष्मा शोधणार, फोन उलटा धरणार, वर “हॅलो, हॅलो” असं ओरडणार. त्या दिवशी पहिल्याच रिंगला उचलला.

“बाबा, बरे आहात ना?”

“काही नाही. तू कर काम.”

आवाज बाबांचाच होता. शांत, धीमा. तिचा जीव भांड्यात पडला. फोन ठेवल्यावर मात्र मनात काहीतरी डाचायला लागलं. बाबा खाकरले नव्हते. चिमणे म्हणाले नव्हते. आणि त्यांच्यामागे कुठेतरी पाणी वाहत होतं… नळ उघडा राहिल्यासारखं.

पुढची बाई दुकानात हिशेब बघणारी होती. तिला बसवून ती स्वतः तिच्या खुर्चीमागे उभी राहिली. “वर डावीकडे काही आलं ना, तर मोठ्यानं वाचा. मिटवू नका, तुमच्या पाया पडते.”

बाईनं बावरून मान हलवली. थोडा वेळ नुसती कळफलकाची टकटक. मग बोटं थांबली. मागे उभ्या असलेल्या तिला पडदा रिकामाच दिसत होता… आणि बाई वाचत होती.

“चिमणे… पडलोय गं… फोनवर मी…”

“पुढे? पुढे काय?”

“गेलं की हो. फार भुर्रकन जातं तुमचं हे.”

किती वेळ थांबायचं ते तिनंच ठरवून दिलं होतं. कुणाला त्रास नको म्हणून! तिनं पर्स उचलली आणि जिना गाठला. घुबड मागून धावला आणि त्यानं तिला स्कूटरवर बसवलं.

दार बंद होतं. तिनं आपल्या किल्लीनं उघडलं. न्हाणीघराच्या उंबऱ्यात बाबा पडले होते. तोंड वाकडं झालेलं, कपडे भिजून गार पडलेले, नळ वाहत होता. फोन पुढच्या खोलीत कपाटावर चार्जिंगला लावलेला, त्यांचा हात पोचणं शक्यच नव्हतं. आणि त्या फोनमध्ये तिचा कॉल घेतल्याची नोंद होती.

“सकाळपासून पडून असणार,” डॉक्टर म्हणाले. “आणखी उशीर झाला असता तर गेलेच होते. वाचा गेली आहे, बघू परत कधी येते.”

यायला फार दिवस लागले. एका दुपारी ती त्यांना पेज भरवत होती. बाबांनी चमचा बाजूला सारला आणि एकेक शब्द ओढत काढावा तसे बोलले.

“फोन वाजला… तेव्हा तो… स्वयंपाकघरातून आला.”

“कोण, बाबा?”

“घरातलाच असल्यासारखा आला गं. फोन घेतला… माझ्याच आवाजात बोलला. मग माझ्या उशाशी बसला. म्हणाला… ती नाही येणार. तुझं आणखी कोण आहे?”

तिनं पेजेची वाटी खाली ठेवली. “तुम्ही काय सांगितलंत?”

“मी काय सांगणार? तोंडच चालत नव्हतं… पण मनात थोरलीचं नाव आलं ना गं. तेवढ्यानं… तो हसला. उठला.” बाबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

थोरली म्हणजे तिची मोठी बहीण. लांबच्या शहरात एकटी राहायची. तोंडाची फटकळ, फोन उचलला की आधी शिव्याच. “आज कशी काय आठवण झाली महाराणीसाहेबांना?” इथून सुरुवात. बाबांना दवाखान्यात नेलं त्या दिवशी तिनं थोरलीला कळवलं होतं. थोरली रडली नाही, ओरडली नाही, आत्ताच्या आत्ता निघते म्हणाली नाही. “बरं,” एवढंच म्हणाली होती. त्या धावपळीत तिला ते खटकलंही नव्हतं. नंतरही रोज तेच, “बरं. मी ठीक आहे.” एरवी शिवी दिल्याशिवाय जिचं एक वाक्य पुरं होत नसे ती असं तुटक बोलते, आणि आपल्याला साधा संशय येऊ नये? तिला स्वतःची चीड आली.

तिनं तिथेच उभ्या उभ्या नंबर लावला. ताई, शिवी दे. एक तरी शिवी दे, असं ती मनात घोकत होती.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. तिनं अजून हॅलोही म्हटलं नव्हतं.

“मी मजेत आहे,” थोरली शांतपणे म्हणाली. “उगाच कशाला येतेस?”