कुनपेइच्या वाट्याची माती

लिएनदी पेंढा आणायला निघाली तेव्हा बेटावर धुकं उतरलं होतं. इतकं दाट, की वाटेत वाळत घातलेली जाळी तोंडाला लागल्यावरच कळत होती. दोर वळणाऱ्या फू म्हाताऱ्याच्या अंगणात पलीकडच्या किनाऱ्यावरून आलेला भाताचा पेंढा रचून ठेवलेला असे. तिने दोन पेंढ्या मागितल्या. फूने तिच्याकडे न बघता चार बांधून दिल्या.

"दोन पुरे झाल्या असत्या," ती म्हणाली.

"उंच होता तुझा पोरगा. आखूड पडायला नको."

पेंढ्या पाठीला बांधून ती घराकडे वळली.

पिवळ्या माशांच्या हंगामात कुनपेइची होडी बुडाली, त्याला एकोणीस दिवस झाले होते. पाच माणसं होती. दोघांची प्रेतं लाटांनी आणून टाकली, तिघांची नाही. कुनपेइ त्या तिघांतला. सत्तावीस वर्षांचा. लिएनदीचा एकुलता एक. त्याचा बापही असाच गेला होता, पण तो निदान सापडला तरी होता.

ज्याचं प्रेत येत नाही त्याच्यासाठी बेटावर पेंढ्याचा माणूस करतात. त्याला गेलेल्याचे कपडे घालायचे, छातीत जन्माची आठ अक्षरं लिहिलेला कागद ठेवायचा, आणि भरती चढत असताना किनाऱ्यावर उभं राहून हाका मारायच्या. आत्मा ती अक्षरं ओळखतो आणि पेंढ्यात येऊन बसतो. मग त्याला टेकडीवर पुरायचं. एवढं केलं नाही, तर तो पाण्यातच राहतो, कायमचा.

दुपारी सून तिंगश्यांग आणि ती, दोघींनी मिळून पेंढ्याला आकार दिला. निळा सदरा चढवताना तिंगश्यांगने बाहीत हात घातला, आणि कितीतरी वेळ तो बाहेर काढलाच नाही.

चूकाका आले. ते आंधळे होते, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. बेटावरच्या प्रत्येकाची पत्रिका त्यांच्या डोक्यात होती. वर्ष, महिना, दिवस, वेळ यांची दोन-दोन अक्षरं, आणि त्या आठांत लाकूड, आग, माती, धातू, पाणी यांपैकी काय जास्त, काय कमी, हे ते बोटांवर मोजून सांगत. दिवसरात्रीच्या बारा वेळांना, दोन-दोन तासांच्या, बारा जनावरांची नावं होती. कागद लिहिणारा शेजारी ब्रश घेऊन बसला. किनाऱ्यावर जायला दहा-बारा बायका दारात जमल्या होत्या.

"वर्ष, महिना, दिवस माझ्या लक्षात आहे," चूकाका म्हणाले. "वेळ तू सांग, लिएनदी. आईच्या तोंडूनच यावी लागते."

लिएनदीने ओठ ओले केले. "कुत्र्याची वेळ."

चूकाकांची बोटं थांबली. "नक्की?"

"सत्तावीस वर्षांत कधी बदलली का?"

"लिहा," ते हळूच म्हणाले.

ती खोटं बोलली होती. सत्तावीस वर्षांपूर्वीही खोटंच बोलली होती.

तेव्हा ती नऊ महिन्यांची पोटुशी होती. चूकाकांनी बोटं मोजून म्हटलं होतं, "या चार-आठ दिवसांत झालं तर सगळं पाणीच पाणी आहे गं. माती औषधालाही नाही. फक्त कुत्र्याच्या वेळेत, दिवेलागणीनंतरच्या दोन तासांत झालं तर थोडी माती मिळेल, आणि तेवढ्यावर निभेल. नाहीतर पोर समुद्राजवळ ठेवू नकोस. पलीकडे आतल्या गावात कुंभाराचं जोडपं आहे, मूल नाही त्यांना, त्यांना देऊन टाक. चिखलात खेळेल, भट्टीजवळ वाढेल. जगेल."

पोर त्यानंतरच्या वेळेत झालं, डुकराच्या. त्या वेळेतही पाणीच. सुईण यायच्या आधीच झालं. लिएनदीने स्वतः नाळ कापली, आणि त्या ओल्या, लाल गोळ्याने तिचं बोट मुठीत धरलं. सकाळी चूकाकांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, कुत्र्याच्या वेळेत झाला. त्यांनी मग त्याला कुनपेइ नाव दिलं, दोन्ही अक्षरांत माती असलेलं. ती पत्रिका पाहूनच पुढे होडीवाल्याने त्याला होडीवर घेतलं. खरी पाहिली असती, तर बेटावरच्या कुठल्याच होडीने त्याला पाय ठेवू दिला नसता.

भरती चढू लागली. धुक्यात पाणी दिसत नव्हतं, नुसता आवाज येत होता. वाळूत बांबू रोवला होता, त्याच्या टोकाला टोपलीत कोंबडा. लिएनदी पुढे झाली.

"कुनपेइ... समुद्रात गारठा आहे रे... घरी ये!"

"आलो!" त्याच्या वतीने तिंगश्यांगने उत्तर दिलं. तसंच करायचं असतं.

सातव्या हाकेला बांबू गदागदा हलला. कोंबडा फडफडला. बायकांनी मोठ्याने गळा काढला. चूकाका म्हणाले, "आला. उचला."

पेंढ्याचा माणूस आणताना एका हाताने उचलता येत होता. नेताना त्याला दोन गडी लागले.

घरी त्याला दाराकडे तोंड करून खुर्चीवर बसवलं. पुरायचं दुसऱ्या दिवशी होतं. तिंगश्यांगने त्याच्यापुढे भाताचा वाडगा ठेवला आणि खायच्या काड्या डाव्या बाजूला मांडल्या. कुनपेइ डावखुरा होता.

सकाळी लिएनदीला जाग आली ती खोकल्याने. म्हाताऱ्या माणसाचा, खोल, घोगरा खोकला. ती बाहेर आली. तिंगश्यांग भिंतीला टेकून उभी होती, पांढरीफटक.

"आई... काड्या बघा."

काड्या वाडग्याच्या उजव्या बाजूला होत्या.

"तुझ्याच हातून..."

"माझ्या हातून नाही. आणि वास घ्या ना. समुद्राचा आहे का हा?"

नव्हता. खोलीत कुजलेल्या लव्हाळ्यांचा, नदीकाठच्या गाळाचा वास भरला होता.

"आई," तिंगश्यांग कुजबुजली, "हे... ते नाहीत."

लिएनदीने दार उघडलं. थोडी हवा आत यावी, एवढंच तिच्या मनात होतं. उंबरठ्याबाहेर दगडी फरशीवर ओली पावलं होती. किनाऱ्याकडून वर आलेली. उंबरठ्यापाशी दोन्ही पावलं जवळजवळ होती आणि त्यांच्याभोवती पाण्याचं थारोळं साचलं होतं, कोणी बराच वेळ तिथे उभं राहिल्यासारखं. मग ती परत खाली गेली होती. डाव्या पावलाला करंगळी नव्हती. कुनपेइची करंगळी नवव्या वर्षी होडीच्या नांगराच्या दोरात सापडून गेली होती.

तो आला होता. दारापर्यंत आला होता. आपल्या खुर्चीवर, आपल्या सदऱ्यात दुसरंच कोणी बसलेलं त्याने दाराच्या फटीतून पाहिलं, आणि आल्या पावली परत गेला.

लिएनदी खाली बसली आणि त्या ओल्या फरशीवरून हात फिरवत राहिली. मग तिने सुनेला सगळं सांगितलं. कुंभार, सुईण, वेळ. काहीच लपवलं नाही.

तिंगश्यांगने ऐकून घेतलं. तिचा आवाज चढला नाही, त्यानेच जास्त लागलं. "तुम्ही खरं सांगितलं असतं, तर आज ते मडकी घडवत बसले असते."

"हो."

"जिवंत असते."

"हो गं."

"आणि मला भेटले नसते," तिंगश्यांग म्हणाली. तिने डोळे पुसले आणि चूकाकांना आणायला गेली.

चूकाका आले, उंबरठ्यातच थांबले आणि नाकाने हवा ओढली. लिएनदीने त्यांच्या पायाशी बसून कबुली दिली. ते दचकले नाहीत.

"माझं घर तुझ्या घराच्या खालीच आहे," ते म्हणाले. "तुझं पोर रडलं, तेव्हा पहारेकऱ्याचे दुसऱ्या पाळीचे, कुत्र्याची वेळ संपल्याचे टोल पडून गेले होते. मी मोजले होते."

"मग बोलला का नाहीत? कालही..."

"तेव्हा तू त्याला असं घट्ट धरून बसली होतीस, की तुझ्या श्वासावरून मला कळत होतं. म्हटलं, नावात भरपूर माती घालू, निभेल. काल म्हटलं, सत्तावीस वर्षं निभलं, आता काय बिघडणार? तुझ्याइतकाच मीही त्याला बुडवला, पोरी."

आत खुर्चीवरून पुन्हा तो खोकला आला.

"हा कोण आहे?" तिंगश्यांगने विचारलं.

"त्याच आठ अक्षरांचा, कुत्र्याच्या वेळेचा कोणीतरी. कुठल्या नदीत, किती वर्षांपूर्वी बुडाला, कोण जाणे. कोणी हाक मारली नसेल, नाहीतर चुकीची मारली असेल. आपण त्याच्या अक्षरांनी बोलावलं, तो आला."

"त्याला घालवून द्या."

"बोलावलेल्याला घालवता येत नाही."

लिएनदी उठली. खुर्चीपुढचा थंड भात तिने काढून घेतला, गरम वाढला, आणि काड्या उजवीकडे नीट मांडल्या. "राहू दे," ती म्हणाली. "तोही कोणाचा तरी आहेच. त्याला कुनपेइ म्हणूनच पुरू. माझ्या पोराला मी परत बोलावते."

पेंढा उरला होता. दुपारी भरतीच्या वेळेला ती तिघंच किनाऱ्यावर गेली. या वेळी कागदावर डुकराची वेळ होती. नाव लिहिलं नव्हतं, ते तर त्या दुसऱ्याला देऊन झालं होतं.

"हाक काय मारणार?" चूकाकांनी विचारलं.

"पोटात होता तेव्हा मी त्याला शिंपल्या म्हणायचे," लिएनदी म्हणाली. "शिंपल्या रे... समुद्रात गारठा आहे... घरी ये..."

तिंगश्यांगने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोच धुक्यात पाण्याचा आवाज एकदम थांबला. बांबू हलला नाही. तो सावकाश वाकत वाकत त्यांच्याकडे आला, आणि तसाच राहिला.

हा पेंढ्याचा माणूस जड झाला नाही. पण त्याच्यातून पाणी गळायला लागलं, ते टेकडीवर नेईपर्यंत गळतच होतं. दोघांना शेजारी शेजारी पुरलं. लिएनदीने पहिली मूठ स्वतः टाकली.

दुसऱ्या दिवशीच कळलं. अनोळखी माणसाचा उंचवटा तसाच होता, कोरडा, टणक. पोराचा मात्र वीतभर खचला होता. माती चिखल होऊन उतारावरून वाहून गेली होती. पाऊस तर पडलाच नव्हता.

"माती धरता येत नाही त्याला," चूकाका म्हणाले. "सांगितलं होतं मी."

"मग मी धरते," लिएनदी म्हणाली.

ती रोज पहाट झाली की रताळ्यांच्या वाफ्यांतली लाल माती टोपलीत भरून वर नेऊ लागली. सकाळी चार टोपल्या, संध्याकाळी चार. रात्रीतून सगळं वाहून जाई. तिचे खांदे सोलले. तिंगश्यांग आधी नुसती बघत असे, मग तीही टोपली उचलू लागली. दोघी टेकडी चढताना बोलत नसत. फक्त वर पोचल्यावर तिंगश्यांग शेजारच्या उंचवट्याकडे बघून म्हणे, "बघा, कसा कोरडा झोपलाय," आणि त्यात राग असे, पण रोज थोडा कमी. उन्हाळा असाच गेला. पुढे पुढे लिएनदीला चढवेना. एक दिवस ती ज्वराने पडली, आणि तीन दिवस तिंगश्यांगलाही तिच्या उशापासून हलता आलं नाही.

चौथ्या दिवशी दोघी काठी टेकत वर गेल्या. खड्डा पडला असणार, पेंढा उघडा पडला असणार, असं मनाशी धरूनच गेल्या.

उंचवटा भरलेला होता. कंबरेइतका उंच, हातांनी थोपटून गुळगुळीत केलेला. माती काळी होती.

तिंगश्यांगने मूठभर उचलली. "ही आपली नाही," ती म्हणाली. बेटावर माती लाल, नाहीतर वाळू. ही काळी, लोण्यासारखी मऊ, भातखाचरातली होती. तिच्यात भाताची कोवळी मुळं होती. असं काळ्या मातीचं खाचर शिडाच्या होडीने दोन दिवसांच्या वाटेवरही नव्हतं.

लिएनदीने चिमूटभर जिभेवर ठेवली. खारट नव्हती. तिने शेजारच्या उंचवट्याकडे पाहिलं. हे त्याचंच काम. ती हात जोडणार तेवढ्यात तिच्या बोटांना मातीत काहीतरी लागलं. तिने ते उकरून काढलं. उदबत्तीची जळकी काडी. मग आणखी एक. मग अर्धवट जळलेल्या कागदाची राख, मेलेल्यांसाठी जाळतात त्या कागदाची, अजून मऊ, कालपरवाची.

ही माती कुठल्या तरी कबरीवरून आणलेली होती.

तिंगश्यांग मागे सरकली. "आई... कोणाची असेल?"

लिएनदी दोन्ही तळवे त्या काळ्या मातीवर ठेवून बसून राहिली. लांब कुठेतरी, गोड्या पाण्याच्या नदीकाठी, कोणी बाई आज सकाळी आपल्या माणसाच्या कबरीपाशी उदबत्ती घेऊन आली असेल आणि तिला उंचवटा दिसला नसेल. उद्या ती टोपली भरून आणेल. ती टोपलीही इथे येईल.